हिशेबातली आडवी रेघ

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचीचं फर्मान आलं : मे महिन्यात समुद्र, तीन रात्री, माणशी सहा हजार, मावशी तू बघ. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असा आमच्याकडे समज आहे. त्यामुळे बघायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

चार रात्री मी फोनवर अलिबाग ते तारकर्ली अख्खा किनारा पालथा घातला. एवढं बघितल्यावर या धंद्याची भाषा कळायला लागते. ‘बीच टच’ म्हणजे फाटकाबाहेर पाऊल टाकलं की वाळू. ‘सी फेसिंग’ म्हणजे मधे डांबरी रस्ता आणि पलीकडे कुणाची तरी भिंत. आणि ‘सी व्ह्यू’ म्हणजे गच्चीच्या कोपऱ्यात टाचा उंच केल्या तर माडांच्या मधून निळं काहीतरी दिसतं, ते. खोल्यांचे फोटो तर असे, की दहा बाय बाराच्या खोलीत वऱ्हाड उतरेल. खाली अभिप्राय. एक म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो टॉवेल ओला होता. पाचव्या दिवशी माझ्याकडे अकरा ठिकाणांचा तक्ता होता आणि निर्णय एकही नव्हता.

आई शेजारी बसून फुलवाती वळत होती. वय 81. म्हणाली, “एवढं निवडतेस काय गं? आम्ही कधी निवडलं होतं?”

खरंच, कधी? मी बाबांच्या डायऱ्या काढल्या. बाबा विम्याच्या फुकट मिळालेल्या डायरीत रोजचा हिशेब लिहीत, बारीक, तिरप्या अक्षरात. 1983 च्या मे महिन्यातलं पान सापडलं. ‘गुहागर, 11 दिवस.’ खाली ओळीने एस.टी.ची तिकिटं, दोन फुल तीन हाफ. हमाल. चिपळूणला चहा. बाकरवडी एक किलो, काकूंना खण, मुलांना पेढे. आंबे दोन पेट्या. मग एक ओळ : ‘राहणे-जेवणे’. तिच्यासमोर रकमेच्या जागी पट्टीने मारल्यासारखी सरळ आडवी रेघ. एकूण 638 रुपये 40 पैसे.

पाच माणसं, अकरा दिवस, समुद्र, आंबे आणि 638 रुपये. मी ते पान फोटो काढून ग्रुपवर टाकलं. भाचीने तोंडाचा आ झालेले तीन पिवळे चेहरे पाठवले.

तेव्हा निवड पोस्टातून यायची. बाबांच्या कचेरीतले एक स्नेही गुहागरचे. त्यांचे थोरले भाऊ आणि वहिनी गावी वाडी सांभाळून होते. त्यांना आम्ही काका-काकूच म्हणत असू. रामनवमीच्या आसपास 15 पैशांच्या कार्डावर काकांचं पत्र येई. यंदा आंबा बरा आहे, मुलांना घेऊन या, येताना लहान्याचा धनुष्यबाण विसरू नका. दापोली बघू, मालवण बघू, असा प्रश्नच नसे. जिथे आपलं माणूस, तिथला समुद्र आपला.

स्वारगेटहून पहाटेची गाडी. होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दशम्या-चटणी. कराडला ऊन डोक्यावर. पाटण गेलं की मुलांना झोप, आणि कोयनानगर सोडून गाडी कुंभार्ली घाटाला लागली की एकेकाला उलटी. आईच्या पिशवीत लिंबं असत ती एवढ्यासाठीच, आणि बाबांनी त्यांचीही नोंद केली आहे. घाट उतरून पोफळीला आलो की हवा बदले. अंगाला काहीतरी ओलसर, ऊबदार चिकटे, ते पुढचे अकरा दिवस निघत नसे. दिवेलागणीला गुहागर. तिथला स्टँड समुद्राला पाठ टेकून बसलेला आहे. इंजिन बंद झालं, की त्याच्या जागी लाटांचा आवाज सुरू होई. तो आवाज आला की आमची सुट्टी लागली.

गुहागर गाव एका रेषेत आहे. समुद्राला समांतर एकच लांब रस्ता, दोन्ही अंगांना घरं. समुद्राच्या बाजूच्या घरामागे पोफळी-माडांची चिंचोळी वाडी, वाडीच्या टोकाला बेडं, म्हणजे फाटक, बेड्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग वाळू. काकांचं घर त्याच बाजूचं. आजच्या भाषेत ‘बीच टच’. पण समुद्रदर्शन म्हणून घराला खिडकी काढावी, असं त्या घर बांधणाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं. घराचं तोंड रस्त्याकडे, समुद्राकडे पाठ. समुद्राचा वारा, खारं पाणी आणि वादळ यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध, ते त्याच्याकडे तोंड करून कशाला बसतील?

वैशाखात कोकणात जायचं म्हटलं की लोक अजून विचारतात, उकाड्यात कुठे निघालात? पारा बघितला तर पुण्याचाच जास्त. पुणं चाळिशीला टेकलेलं असतं तेव्हा किनारा चौतीस-पस्तिशीत असतो. पण पुण्याच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि वाळताना अंग निवतं. कोकणातल्या दमट हवेत तो वाळतच नाही, म्हणून जीव नकोसा होतो. तिथे थंडाई ती वाऱ्याची. सकाळी जमीन तापायला लागली की भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे समुद्रावरून आत येतात. काकांच्या घराची मागची-पुढची दारं एका रेषेत होती, ती त्यासाठीच. वाडीत पाटाचं पाणी फिरलेलं असे, त्या ओलाव्यावरून वारा मागच्या दाराने आत शिरे, माजघर ओलांडे आणि ओटीवरून बाहेर पडे. जांभ्याच्या जाड भिंती, वर कौलं. अंगणात पोफळीच्या खांबांवर झावळ्यांचा मांडव. विजेचा पंखा घरात एकच होता, आणि वीज त्याच्याहून कमी. दुपारी बारा ते चार कुणी उन्हात पाऊल टाकायचं नाही, हा काकांचा कायदा. मांडवाखाली सारवलेल्या जमिनीवर मेंढीकोटाचे डाव पडत, मधे कोकम सरबताचे पेले फिरत, आणि हरणारा विहिरीवरून पाणी आणे.

समुद्रावर जायची वेळ काका पंचांगावरून काढत. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. पाऊणकीचा पाढा शाळेत छडी खाऊनही आला नाही, तो तिथे दोन संध्याकाळींत पाठ झाला, कारण उत्तर चुकलं तर त्या दिवशी समुद्र नाही. भरती चढत असेल तर घोट्यापर्यंत, ओहोटीत पाणी ओढत असेल तर तेवढंही नाही. काका वाळूवर उकिडवे बसून आमची डोकी मोजत.

किनारा मोकळा होता. मैलोन्‌मैल पांढुरकी वाळू, खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी, कुणाचं नाव नाही. हे आठवून आजही गळा दाटतो. पण त्याच किनाऱ्याचा एक भाग सकाळी टाळून चालावं लागे, हेही मला आठवतं. गावात सगळ्यांकडे संडास नव्हते. स्मरणरंजनात हा भाग बहुधा भरतीच्या पाण्यात वाहून जातो.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं आम्ही एक आड एक उन्हाळा गेलो. मग काकू थकल्या. “आता त्यांना त्रास नको,” असं आई एकदा म्हणाली आणि कार्डं येणं-जाणं संपलं. नव्वदच्या दशकात शेजारच्या अंजनवेलला वीजप्रकल्प येणार म्हणून गुहागरचं नाव रोज पेपरात असे. आम्ही ते वाचत असू, जात नसू. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि कोकण ‘गावी जाण्याची’ जागा होतं ते हळूहळू ‘फिरायला जाण्याची’ झालं.

पैसे देऊन समुद्राकाठी राहिलो ते पहिल्यांदा 2001 साली, गणपतीपुळ्याला, एमटीडीसीमध्ये. नोंदवहीत सही करून किल्ली घेताना बाबांचा चेहरा मला आठवतो, परक्याच्या घरात चोरून शिरल्यासारखा. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर आई मात्र दोनदा चहा मागवून खुर्चीत रेलून बसली होती. बशी उचलायला ती उठली, तेव्हा वाढणाऱ्या मुलाने ती तिच्या हातातून घेतली. ती पुन्हा बसली. आम्ही तेव्हा त्यावर हसलो होतो.

सगळेच अनुभव असे नव्हते. 2009 च्या मेमध्ये एका ठिकाणी, नाव कशाला घ्यायचं, निव्वळ फोटो बघून खोल्या घेतल्या. वरचा मजला, वर उघडा स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खाली ऊन सोडत होता. वीज गेली तेव्हा जनरेटर लागला, पण त्यावर दिवे-पंखेच होते, एसी नव्हता. नळाचं पाणी मचूळ, साबणाला फेस येईना. ‘सी व्ह्यू’ न्हाणीघराच्या झरोक्यातून. अकरा दिवसांत जेवढा खर्च झाला होता त्याच्या दसपट एका रात्रीत देऊन आम्ही घामोळं विकत घेतलं.

तेव्हापासून मी फोटो बघत नाही, फोन करते. पाचच प्रश्न. खोली कौलारू आहे की स्लॅबची, आणि स्लॅबची असली तर तिच्यावर अजून एक मजला किंवा पत्र्याची सावली आहे का? जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर नक्की काय काय चालतं? पाणी विहिरीचं गोडं की बोअरचं खारं? समुद्र किती पावलांवर, आणि मधे गाड्यांचा रस्ता आहे का? जेवण तिथेच रांधता की बाहेरून आणता? मालक स्वतः फोनवर असेल आणि उत्तरं घोळवत नसेल, तर निम्मं काम झालं. उरलेलं काम कॅलेंडर करतं. शुक्रवार-शनिवार सोडून रविवारी दुपारी पोचलं की तीच खोली बरीच उतरते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आंबाही उतरतो, मात्र समुद्र खवळायला लागलेला असतो. होड्या, डॉल्फिन फेऱ्या, किल्ल्यांच्या वाटा एकेक करून बंद होतात, आणि 1 जूनपासून मासेमारी बंद म्हणजे ताजी सुरमई बंद. ज्याला पोहायचं आहे त्याने लवकर जावं, ज्याला आंबा खाऊन पडून राहायचं आहे त्याने उशिरा. मध्यमवर्गाला दोन्ही हवं असतं, म्हणून तो मेच्या मधल्या शनिवारी सगळ्यात महाग दराने जातो.

एवढं सगळं आईला ऐकवलं. ती वाती मोजत म्हणाली, “ते असू दे. काकूंच्या घराचं काय झालं, ते विचार कुणालातरी.”

विचारलं. तीन फोनांनंतर काकांच्या नातवाचा नंबर मिळाला. काका-काकू कधीच गेले. नातू चिपळूणची नोकरी सोडून पाच वर्षांपूर्वी परत आला. नुसत्या सुपारीवर घर चालत नाही, म्हणून वाडीतली किडलेली झाडं काढून त्याने चार खोल्या बांधल्या, कौलारू. एसी अडीच हजार, बिनएसी अठराशे, शाकाहारी थाळी दोनशे, नाश्ता ऐंशी. जीपेवर निम्मे आगाऊ. मी ओळख सांगितली तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे पुण्याच्या, धनुष्यबाणवाल्या? आजी सांगायची.” दर मात्र त्याने तोच सांगितला. मला ते आवडलं की टोचलं, हे तेव्हा ठरवता आलं नाही. माझा अकरा ठिकाणांचा तक्ता मी पुसून टाकला.

आठजण दोन गाड्यांतून निघालो. आता माणसं दापोलीकडून आली तरी दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीसकट चढतात आणि वाशिष्ठीची खाडी एसीत बसून ओलांडतात. आम्ही मुद्दाम कुंभार्लीने गेलो. उलटी कुणालाच झाली नाही. लिंबं घरी परत आली.

घर ओळखू आलं. मांडव नव्हता, त्या जागी हिरवी जाळी आणि पेव्हर ब्लॉक. ओटीवर स्वागतकक्षाचं टेबल. मागे वाडीतल्या खोल्या नीटनेटक्या, चादरी कोऱ्या वासाच्या. किनाऱ्यावर भेळेच्या गाड्या, घोडागाडी, रंगीत दिव्यांचं उंटाचं खोगीर, पाण्यावर भिरभिरणाऱ्या स्कूटर. मी खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी शोधत दूरपर्यंत चालत गेले, तेव्हा कुठे सापडली. भाचीच्या मुलाला तिथी विचारली. त्याला तिथी म्हणजे काय हे सांगण्यात दहा मिनिटं गेली, पण मग त्याने पाऊणने गुणून भरतीची वेळ काढली आणि फोनमधल्या ॲपशी ताडून पाहिली. वीस मिनिटांचा फरक. “तुमचं ॲप चांगलं आहे,” तो म्हणाला.

तीन रात्रींत अकरा दिवस मावत नाहीत, हे खरं दुःख. पहिला दिवस पोचण्यात, शेवटचा आवरण्यात. कंटाळा यायला सवडच मिळाली नाही. त्या जुन्या सुट्टीत पाचव्या-सहाव्या दिवशी छान, घट्ट कंटाळा येई आणि त्यातून कधी नाटक, कधी विहिरीतल्या कासवाचं बारसं असं काहीतरी निघे. तो कंटाळा आता कुठल्याच पॅकेजात मिळत नाही.

दुसऱ्या रात्री मेहुणे समुद्रावरून उशिरा परतले. जेवणघराच्या दारावर पाटी होती : ‘रात्रीचे जेवण 8 ते 9.30. नंतर स्वयंपाकघर बंद.’ पावणेदहा झाले होते. काकांची नातसून शांतपणे म्हणाली, “डब्यात पोळ्या-भाजी ठेवलीय काका, भात कुकरमध्ये आहे. वाढून घ्या.” मेहुण्यांना गरम भाकरी हवी होती. खोलीत येऊन ते म्हणाले, “कोकणातलं ते आतिथ्य राहिलं नाही आता. सगळं घड्याळावर.”

आई पलंगावर पाय पसरून बसली होती. “पूर्वी रात्री दहाला कुणी आलं तर चूल परत पेटायची,” ती म्हणाली. “पेटवायला काकू होत्या. आणि फुंकर घालायला मी.”

मग ती बोलत राहिली. त्या 1983 च्या वैशाखात घरातले सहा, आम्ही पाच, काकूंची नणंद मुलांसह चार आणि मुंबईचे चार, अशी एकोणीस पानं. तीन पंगती. दिवसाला सात-आठ नारळ खोवायचे. रहाटाची वेळ सांभाळून विहिरीवर धुणं. वर काकूंची आगोटची कामं निघालेली, पाऊस यायच्या आत साटं वाळवायची, आमसुलं करायची, लाकूडफाटा-झावळ्या पडवीत भरायच्या. पाहुणे आहेत म्हणून पाऊस थांबत नाही. आई पाहुणी, पण पाहुणी बाई रिकामी कशी बसेल? दोघी पहाटे पाचला उठत आणि शेवटची पंगत आवरली की मोरीत भांड्यांशी बोलत बसत.

“तू समुद्रावर किती वेळा गेलीस गं तेव्हा?” मी विचारलं.

“दोनदा. एकदा दुर्गादेवीला ओटी भरून येताना. आणि निघायच्या आदल्या दिवशी.” थोडं थांबून ती म्हणाली, “काकू दुसऱ्या वेळी आल्या होत्या माझ्याबरोबर. म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा आले होते इथे, मग वेळच नाही झाला.”

समुद्र त्यांच्या परसदारी होता. बेड्यापासून पन्नास पावलं.

मेहुणे काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातला दिवा मालवल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं, तर नातसून मुलीचा हात धरून, हातात बॅटरी घेऊन वाडीतून समुद्राकडे निघाली होती. आईनेही पाहिलं. “मला ने,” ती म्हणाली. आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि ती वाळूत टेकवून आईला बसवलं. ओहोटी होती. खूप आतपर्यंत वाळू चमकत होती. पलीकडे अंधारात त्या दोघी मायलेकी पाण्याच्या कडेने चालत होत्या, पुढे जाऊन परत येत होत्या.

निघताना नातवाने बिल दिलं. आजीच्या नावाने काही कमी करू का, असं विचारलं. आई म्हणाली, “एक पैसा नको करूस.” तिने वेगळं काढून नातसुनेच्या हातात खण दिला, बाबांच्या हिशेबात होता तसाच.

घरी आल्यावर मी 1983 ची डायरी काढली. त्या पानाखाली अर्धं पान कोरं होतं. तिथे लिहिलं : गुहागर, 3 रात्री, 8 माणसं. पेट्रोल. आंबे. खण. मग ‘राहणे-जेवणे’, आणि समोर 34,020. आईने चष्मा लावून वरची रेघ पाहिली, खालचा आकडा पाहिला.

“एवढे झाले?”

“एवढे झाले.”

तिने रेघेवरून बोट एकदा डावीकडून उजवीकडे फिरवलं. “बरोबर आहे,” म्हणाली, आणि वातींचा डबा पुढे ओढला.